पुढच्या डाव्या चाकामागून

मित्रांनो, या जगात जे जे धावते ते एक दिवस थांबते, आणि ते थांबवण्याचे पवित्र कार्य माझ्याकडे सोपवलेले आहे.

सगळ्या जगाचे नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लायल ह्यूबरच्या निळ्या गाडीचे. तिच्याही चार चाकांपैकी एकाचे, पुढच्या डाव्याचे. आणि तेही आता राहिलेले नाही. सध्या मी लायलच्या गॅरेजात एका फळीवर, वाळलेल्या रंगाचा डबा आणि गवत कापायच्या यंत्राचे पाते यांच्यामध्ये पडून असतो.

मी एक जुना ब्रेक आहे. नीट सांगायचे तर ब्रेकचा कॅलिपर. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो जबडा असतो, तो मी. लायल पेडल दाबतो, नळीतून तेल माझ्या पोटात येते, पोटातला पिस्टन पुढे सरकतो आणि मी डिस्कला गच्च धरतो. गाडी थांबते. मग गाडीतून उतरलेले लोक इंजिनाचे कौतुक करतात. "काय पळते!" असे म्हणतात. "काय थांबते!" असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओततात, थंड झाले की साचा फोडून बाळ बाहेर काढतात आणि लगेच त्याला घासायला घेतात. आमच्यात लाड नसतात. माझ्याबरोबरच माझा जुळा भाऊही जन्मला. तो उजव्या चाकासाठी होता आणि मी डाव्या. एका गाडीला लागलो, एकाच पेडलाचे ऐकत राहिलो, एकाच तेलावर वाढलो, पण मध्ये आठ सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे आमची भेट कधी झाली नाही. दोघांनी जोर सारखा लावायचा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते, एवढे ठाऊक होते. त्यावरून तो पलीकडे आहे आणि बरा आहे, हे मी समजून असे.

आता लायलविषयी सांगतो. लायल काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात नोकरीला आहे. कुठल्या रस्त्यावर कुठल्या वेगाची पाटी लावायची, हे तो ठरवतो. शाळेजवळ इतकी, वळणावर तितकी. या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. चाळिशी उलटल्यावर या माणसाने चारशे घोड्यांच्या ताकदीची गाडी घेतली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे तो मानतो.

त्याची बायको नोरीन इस्पितळात नर्स आहे. दिवसभर ती लोकांच्या शिरांत सलाइन लावत असते. गाडीवर तिचा विशेष जीव नव्हता. पण लायल घरात बोलत नाही आणि गाडीत बोलतो, हे तिने लग्नानंतर लवकरच हेरले होते. म्हणून ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. तो समोर बघत स्टिअरिंग धरून बोलायचा. साहेबाबद्दल, गेलेल्या वडिलांबद्दल, मूल झाले नाही त्याबद्दलही एकदा. मी खाली चाकामागे सगळे ऐकायचो. सिग्नलला गाडी थांबवताना मी शक्य तितक्या हळू धरायचो, म्हणजे वाक्य तुटू नये.

ते माझे उमेदीचे दिवस होते. दर रविवारी लायल गाडी धुवायचा. चाकाची रिम तर तो दात घासायच्या ब्रशने घासायचा. त्या ब्रशची टोके कधीमधी मलाही लागायची, ती चुकून. रिम समोर दिसते आणि मी तिच्या मागे असतो. मागे असणाऱ्याची चौकशी माणसे तो बिघडल्यावर करतात, त्याआधी करत नाहीत.

माझ्या पोटातले तेल त्याने कधी बदलले नाही. ब्रेकच्या तेलाला एक खोड असते. ते हवेतला ओलावा पिते, आणि वर्षानुवर्षे पीत राहिले की ऐन तापल्यावर दगा देते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, असे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. लायलने ते पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरच काढलेले नाही. पुस्तक कोरे असले की गाडीचा मान राहतो, असे त्याचे मत आहे.

उन्हाळ्यात आमच्या भागातले एक हौशी मंडळ शर्यतीचा ट्रॅक दिवसभरासाठी घेते. दाताचे डॉक्टर, विमावाले, शाळेचे मुख्याध्यापक अशी मंडळी हेल्मेट घालून तिथे आपापल्या गाड्या जीव तोडून पळवतात. याला शर्यत म्हणायचे नाही, असा मंडळाचा नियम आहे. कोण कुणाला कुठल्या वळणावर मागे टाकून गेले, हे मात्र सगळ्यांना पाठ असते.

गेल्या जूनमध्ये लायल गेला. नोरीन शेजारी होती. सकाळभर छान गेले. दुपारी ऊन तापले, डिस्क तापली, मी तापलो. लांब सरळ रस्ता संपून उजवे वळण येते, तिथे लायलने पेडल दाबले आणि माझ्या पोटातले ते म्हातारे तेल उकळले. तेलात वाफ झाली. वाफ दाबली जाते, पण ढकलत नाही. पेडल थेट तळाला गेले. मी डिस्कला धरायला आसुसलेला होतो, पण मला धक्का देणारेच कोणी नव्हते. गाडी वळण सोडून सरळ खडीच्या पट्ट्यात शिरली, खडी उडवत गेली, आणि टायरांच्या भिंतीच्या बरीच अलीकडे रुतून उभी राहिली. म्हणजे त्या दिवशी गाडी खडीने थांबवली. मी नाही. हे दुःख माझे मला.

कोणाला खरचटलेही नाही. लायल उतरला आणि पुढे जाऊन गाडीचा बंपर बघायला वाकला. मग मदतनीस आले, दोरी आली, गाडी ओढून बाहेर निघाली. संध्याकाळी मंडळाच्या लोकांत लायल म्हणाला, "ब्रेकनं दगा दिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी बाजू मांडायला कोणी नव्हते आणि तेलाला वाचा नसते.

त्यानंतर नोरीन त्या सीटवर बसली नाही.

भांडण झाले नाही, आदळआपट झाली नाही. आमच्या भागात शुक्रवारी तळलेले मासे खायला बाहेर जातात. पुढच्या शुक्रवारी लायल गाडी काढून दारात उभा राहिला, तेव्हा नोरीनने आपल्या करड्या गाडीची किल्ली उचलली आणि ती म्हणाली, "तू हो पुढे, मी येतेच मागून." तेव्हापासून एकाच घरातून, एकाच खाणावळीत, एकाच टेबलावर जायला रोज... म्हणजे दर शुक्रवारी दोन गाड्या निघू लागल्या. शेजारीपाजारी पडदे सारून बघायचे. लायल रस्ताभर गप्प असायचा. शेजारी कोणीच नव्हते, तर बोलणार कुणाशी?

लायलने या सगळ्याचा शांतपणे विचार केला आणि तिचा ब्रेकवरचा विश्वास उडाला आहे, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाला खतपाणी घातले ड्वेनने. ड्वेन हा नोरीनचा धाकटा भाऊ. गाड्यांबद्दल त्याला सगळे माहीत असते, फक्त त्याच्या स्वतःच्या गाडीचे एक दार बाहेरून उघडत नाही. ऑगस्टमध्ये तो एकदा आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि रिमच्या दांड्यांमधून आत बघून फसकन हसला.

"हे ब्रेक आहेत? असले आमच्या आईच्या गाडीला होते. ती चर्चपलीकडे कधी गेली नाही."

"कंपनीनं लावलेलेत," लायल म्हणाला.

"कंपनीला काय, ती गाडी विकून मोकळी. मोठे लाव. सहा पिस्टनचे. लाल."

"लालच का?"

"लाल लावलेस की निम्मं काम झालं. पुढचा गाडीवाला आरशात बघूनच बाजूला होतो."

"आरशात ब्रेक दिसत नाहीत, ड्वेन."

"दिसत नसले तरी असतात ना!"

लायलने रिमवरचा एक डाग अंगठ्याने पुसला. मग हळूच विचारले, "मोठे लावले तर नोरीन बसेल?"

"माझ्या बहिणीला मी जन्मापासून ओळखतो," ड्वेन म्हणाला. "ती घाबरत नाही कशाला. ती रागावते."

"कशावर?"

"ते तिला विचार की. मला काय विचारतोस!"

लायलने तिला विचारले नाही. त्याने मोठे ब्रेक मागवले.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी खोके आले. शुक्रवारी लायलने रजा टाकली. ड्वेन सकाळीच बिअरची पेटी घेऊन आला आणि तिच्यावरच बसला. गाडी जॅकवर उचलून ठोकळ्यांवर ठेवली, पुढची चाके काढली. मग लायलने पान्याने माझे बोल्ट सैल केले. इतकी वर्षे मी चाकामागचा अंधार बघितला होता, त्या दिवशी पहिल्यांदा छत बघितले. नळी काढली तेव्हा माझ्या पोटातले तेल ट्रेमध्ये ठिबकले. ते काळे होते.

"हे असं असतं?" ड्वेनने विचारले.

"असायला नको," लायल म्हणाला.

माझा सगळा खटला या दोन वाक्यांत निकालात निघाला. पण कोर्टात कोणाचेच लक्ष नव्हते, कारण त्याच वेळी ड्वेनने खोके फोडले होते.

नव्या ब्रेकांनी सगळ्यांचे डोळे दिपवले, हे मी खुल्या मनाने मान्य करतो. डिस्क परातीएवढी. कॅलिपर माझ्या दुप्पट, सहा पिस्टनचा, लालभडक, आणि अंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत बनवणाऱ्याचे नाव. मला मात्र त्याच रिकाम्या खोक्यात टाकले. दोन मिनिटांनी माझ्या अंगावर काहीतरी जड आदळले. तो माझा भाऊ होता. आम्ही एकमेकांकडे बघितले. तो माझ्यासारखाच होता, फक्त उलटा. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही सुचले नाही.

लायल काम नीट करणारा माणूस आहे. ब्रॅकेट बसवले, डिस्क चढवली, डावा कॅलिपर डाव्या बाजूला लावून बोल्ट मोजून आवळले. मग दोन पावले मागे जाऊन बघितले.

"नाव उलटं दिसतंय," तो म्हणाला.

खरेच होते. बनवणाऱ्याने अक्षरे दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या हिशेबाने छापली होती. आमच्या गाडीला कॅलिपर नीट लावला की नाव डोक्यावर उभे राहायचे.

"उलटं कसं चालेल?" ड्वेन पेटीवरून उठला. "मंडळातले लोक काय म्हणतील? शीर्षासन घातलंय म्हणतील. उजवा डावीकडे लाव बघू."

लायलने उजवा डावीकडे लावला. नाव सुलटे झाले. डावा उजवीकडे लावला. तेही सुलटे झाले. दोघांनी समाधानाने बघितले. कॅलिपरच्या मागच्या अंगाला बारीक अक्षरांत डावा-उजवा असे कोरलेले होते. पण ते मागे होते, आणि मागे असणाऱ्याचे काय होते, ते मी आधी सांगितलेच आहे.

दुपारी ड्वेन जेवायला म्हणून गेला. जाताना म्हणाला, "आता काय, तेल भरायचं आणि हवा काढायची. पोरखेळ आहे."

हवा काढणे हे काम, मित्रांनो, एकट्याने होत नाही. नळीत थोडी जरी हवा राहिली तरी पेडल मऊ पडते. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचा छोटा स्क्रू सोडायचा, तेलाबरोबर हवा बाहेर पडू द्यायची, स्क्रू बंद करायचा, मगच पेडल सोडायचे. हे पुन्हा पुन्हा. आमच्या भागातले कित्येक संसार या कामात कसाला लागलेले आहेत.

नोरीन कामावरून आली ती इस्पितळाच्या कपड्यांतच. लायल गॅरेजाच्या दारात हात पुसत उभा होता.

"नोरीन, जरा पाय हवा होता."

"माझा?"

"एकच. उजवा."

ती गाडीत बसली. शेजारच्या सीटवर नव्हे, चालकाच्या. लायल चाकाच्या जागेशी जमिनीवर बसला. दोघांमध्ये गाडीचा पत्रा होता. एकमेकांची तोंडे दिसत नव्हती, फक्त आवाज.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरलाय."

तेल नळीतून बाटलीत उतरले. स्वच्छ, एकही बुडबुडा नाही.

"सोड."

"सोडला. मऊ आहे, लायल. पाव दाबल्यासारखं वाटतंय."

"पहिल्यांदा तसंच असतं. दाब."

त्याने डावीकडची हवा काढली, उजवीकडची काढली, पुन्हा डावीकडची काढली. तेलाची एक बाटली संपली, दुसरी फोडली. दर वेळी तेल स्वच्छ आणि दर वेळी पेडल मऊ. बाहेर ऊन कलले. जूनपासून एवढे शब्द ती दोघे एकमेकांशी बोलली नव्हती, आणि त्यातले निम्मे "दाब" होते.

"लायल, माझा पाय भरून आलाय."

"शेवटचं. दाब."

"हे तू मघापण म्हणालास. कशासाठी चाललंय हे सगळं?"

"तुला बसता यावं म्हणून."

पेडल दाबलेलेच होते.

"मी ब्रेकमुळे बसत नाही असं वाटतं तुला?" नोरीन म्हणाली.

"मग?"

"गाडी खडीत थांबली. मी हेल्मेट काढलं. पट्टा सोडला. दार उघडायला गेले तर खडीत अडकलेलं. खिडकीतून बघितलं तर तू पुढे वाकून बंपरवर हात फिरवत होतास."

लायलच्या हातात पाना तसाच राहिला.

"मला वाटलं तू ठीक असशील," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तू ओरडली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

माझा भाऊ आणि मी खोक्यात अंग चोरून पडलो होतो. अशा वेळी आपण लोखंडाचे आहोत याचे बरे वाटते.

"बंपरकडे बघणं सोपं होतं," लायल शेवटी म्हणाला. इतक्या हळू की पत्र्यापलीकडे गेले की नाही, मला शंका होती. "तुझ्याकडे बघायचं म्हणजे... काही झालं असतं तर ते दिसलं असतं."

आत सीट करकरली.

"आणि ब्रेक चांगले होते," तो पुढे म्हणाला. एकदा तोंड उघडले की माणूस नको तेही कबूल करतो. "तेल जुनं होतं. मी कधी बदललंच नव्हतं."

"म्हणजे जुने ब्रेक ठीक होते?"

"होते."

"मग हे लाल काय आहे?"

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण मला कोणी विचारले नाही.

नोरीन पेडल सोडून खाली उतरली. वळसा घालून आली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. मग वाकून त्या लाल कॅलिपरकडे बघत म्हणाली, "हवा निघते तो स्क्रू कुठला?"

"हा. खालचा."

"खालचा?"

"हो."

"लायल, मी सकाळपासून बारा माणसांच्या नळीतली हवा काढून आले. हवा कुठे जाते?"

"कुठे?"

"वर जाते रे! हवा वर जाऊन बसलीये आणि तू खालनं तेल काढतोयस. उद्या सकाळपर्यंत काढ, बुडबुडा दिसायचा नाही तुला."

लायल त्या स्क्रूकडे बघत राहिला. मग कॅलिपरच्या मागे हात घालून बोटाने चाचपले. तिथे कोरलेले अक्षर त्याच्या बोटाला लागले. डावीकडे उजवा, उजवीकडे डावा. आपण नाव सुलटे करायला गेलो आणि स्क्रू तळाला नेला, हे त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटले.

"बदलले तर नाव उलटं दिसेल," तो म्हणाला.

नोरीनने पाना त्याच्याकडे सरकवला.

लायलने त्या पांढऱ्या अक्षरांकडे एकदा बघून घेतले. मग पाना उचलला आणि बोल्ट सोडायला लागला.

दोन्ही कॅलिपर आपापल्या बाजूंना गेले. नोरीन पुन्हा आत बसली. दाब, धर. पहिल्याच फेरीला बाटलीत बुडबुड्यांची माळ उठली. सोड. आणखी काही फेऱ्या झाल्यावर ती आतून म्हणाली, "पेडलाचा दगड झाला."

"खरंच?"

"हलत नाही. खरंच." मग, "चल, आवर. मासे संपतात. मी बसते शेजारी."

लायल उठला तो एवढ्या घाईने की डोके चाकावरच्या पत्र्याला आपटले.

"लागलं?" तिने विचारले.

"नाही," तो म्हणाला. त्याला लागले होते.

याच वेळी ड्वेन बिअरची पेटी न्यायला परत आला. दारातूनच त्याचे लक्ष गेले.

"अरे, उलटं बसवलंस! मी काय सांगितलं होतं?"

"माहितीये," लायल म्हणाला.

"मंडळात तोंड कसं दाखवणार?"

"तोंड सुलटंच आहे माझं."

नोरीन हसली. जूनपासून गॅरेजात तो आवाज झाला नव्हता. ड्वेन बहिणीकडे बघून, मेहुण्याकडे बघून, काहीतरी आपल्याला चुकवून झाले आहे हे ओळखून पेटीवर बसला.

लायलने चाक उचलले, छातीशी धरले आणि बोल्टांवर चढवले. चाक आत सरकले आणि थांबले. त्याने ते जरा फिरवले, पुन्हा सरकवले. टक्. रिमच्या दांड्या लाल कॅलिपरच्या पोटाला टेकल्या होत्या. त्याने दुसरे चाक उजवीकडे लावून बघितले. टक्. मोठा ब्रेक मोठ्या चाकात मावतो. लहान चाकात तो मावत नाही, आणि मागवण्याआधी हे मोजायचे राहून गेले होते. ड्वेनने या विषयावर काही मत दिले नाही. असे प्रथमच घडले.

नोरीनने करड्या गाडीची किल्ली काढली. लायल हात धुऊन आला आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारच्या सीटवर बसला. गुडघे पुढे अडकत होते. सीट मागे कशी सरकवायची ते तिने वाकून दाखवले.

वाटेत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी खोक्यात होतो. ते परत आले तेव्हा गाडी अंगणात उभी राहिली, इंजिन बंद झाले, पण दार उघडण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने आतला दिवा आपोआप विझला, तरी ते उतरले नाहीत. लायलचा आवाज येत होता. मधूनच नोरीनचा. शब्द कळत नव्हते, पण वाक्ये लांब होती.

मित्रांनो, मला आता फळीवर ठेवले आहे. भाऊ शेजारीच आहे, पात्याच्या पलीकडे. फेकून देण्याचा विषय एकदा निघाला होता, पण लायल म्हणाला, राहू दे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. मागे असणाऱ्याची चौकशी वेळेवर करा. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदला, ते फार मोठे काम नाही. आणि गाडी कधी रुतलीच, तर आधी शेजारी बघा. बंपर कुठे पळून जात नाही.

मोठी चाके नोव्हेंबरात आली. नोव्हेंबरात आमच्याकडे रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, मिठाने पत्रा गंजतो, आणि असल्या गाड्या एप्रिलपर्यंत गॅरेजाबाहेर काढत नाहीत. तोपर्यंत दर शुक्रवारी दोघे करड्या गाडीतूनच जातात.